‘जसे आहे, जेथे आहे’



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे ट्रकच्या केबिनमध्ये, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा एखादा मोठा सिद्धांत मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. लष्कराने काढून टाकलेले जुने ट्रक लिलावात विकत घेऊन घरी कसे आणतात, एवढाच आजचा विषय आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून काहींना हसू आले असेल. परंतु या धंद्यात आमच्या एका सहकाऱ्याचा पाय गेला आहे. तो कोणामुळे गेला हे चारचौघांत सांगावे, म्हणून आम्ही हे आमंत्रण स्वीकारले.

लढाई संपली की गाड्या उरतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जी.एम.सी. कारखान्यांनी सहा चाकी जोराचे अडीच टनी ट्रक साडेपाच लाखांवर बांधले. कॅनडाने सर्व प्रकारची मिळून आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांतील कितीतरी आपल्या देशात उतरली. आसामातील लेडोपासून चीनमधील कुनमिंगपर्यंतच्या रस्त्यावरून १९४५ च्या आरंभी ट्रकांचे तांडे निघाले, ते याच जातीचे. तो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकन सैनिकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्या जोडीला हजारो हिंदी मजूर होते. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये हिंदुस्थानात राहिलेला अमेरिकन माल येथील सरकारच्या हवाली झाला. मग त्याची विक्री सुरू झाली. मनिला शहरात अशाच उरलेल्या जीपगाड्या लांबवून, रंगवून लोकांनी उतारूंची ‘जीपनी’ बनविली. आपल्याकडेही लष्करी लॉरी विकत घेऊन अनेकांनी मालवाहतूक सुरू केली. आमचे पहिले उस्ताद अशाच एका शेव्हरोलेटवर क्लीनर म्हणून लागले होते. गाडी पेट्रोल पिते आणि माणूस घाम पितो, असे ते म्हणत.

पुढे आपल्या लष्कराचा स्वतःचा ट्रक आला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला ‘शक्तिमान’ बनू लागला. डिझेलचे इंजिन आणि चारही चाकांना जोर. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्याने माणसे आणि दारूगोळा वाहिला. गाडीची ठरलेली सेवा संपली की ती डेपोच्या आवारात उभी करतात, आणि एक दिवस तिच्यावर चुन्याने लॉटचा आकडा पडतो.

आता लिलावाची रीत सांगतो. आधी पाहणीचा दिवस असतो. त्या दिवशी बॉनेट उघडून पाहता येते, परंतु गाडी चालवून पाहता येत नाही. मग अनामत भरायची. त्या काळी समोरासमोर बोली होई आणि भंगारवाल्यांची फळी पुढच्या रांगेत बसे. एकमेकांवर बोली चढवायची नाही, असे त्यांचे आधीच ठरलेले असे. नवखा माणूस आला की त्याला हळूच वर चढवायचे आणि मग मोकळे सोडायचे. हातोडा पडला की ठरल्या मुदतीत पैसे भरायचे आणि ठरल्या मुदतीत माल उचलायचा. मुदत चुकली की दर दिवसाला जागेचे भाडे. आणि सर्वांत वर एक अट छापलेली असते, ‘जसे आहे, जेथे आहे’. म्हणजे माल कसा आहे याची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही, आणि तो जेथे उभा आहे तेथून नेण्याचीही नाही.

१९९६ साली आमच्या भागातला एक कारखाना बंद पडला. नऊ कामगारांनी, त्यांत आम्हीही आलो, प्रत्येकी आठ हजार रुपये काढले. कोणी भविष्यनिर्वाह निधीतले काढले, कोणी बायकोच्या पाटल्या मोडल्या. विचार असा की, पावसात भिजलेल्या उसाच्या फडात साधा ट्रक रुततो, पण शक्तिमान बाहेर येतो. पुण्याजवळच्या एका लष्करी डेपोतून दोन ट्रकांचा एक लॉट आम्ही अठ्ठावन्न हजारांना घेतला. एक ट्रक बॅटरी लावताच धडधडत उठला. दुसरा काही केल्या उठेना.

बंद गाडी नेण्याचे मार्ग तीन. पहिला, ती ट्रेलरवर चढवून नेणे. त्याचे भाडे पाच हजार सांगितले. दुसरा, लोखंडी दांड्याचे टोचन. दांडा एका गॅरेजात मिळणार होता, पण दोन दिवसांनी. तिसरा, दोराचे टोचन. माल उचलण्याचा तो शेवटचा दिवस होता. आमच्यापाशी चौदा हजार उरले होते, आणि त्यांतूनच विक्रीकर, टायर व पासिंग भागवायचे होते. आम्ही साडेतीनशे रुपयांचा दोर घेतला.

दोर ओढतो, परंतु धरून ठेवत नाही. चढावर आणि सपाटीवर पुढची गाडी मागचीला नेते. उतारावर मागची गाडी स्वतःच्या वजनाने पुढचीच्या अंगावर येते, आणि तिला आवरायला तिचाच ब्रेक लागतो. इंजिन बंद असले की ब्रेकला जी मदत मिळते ती मिळत नाही. सारा जोर पायाचा. त्यात वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेकचे रबर कडक होऊन चिरते. चार वेळा दाबले की पाचव्या वेळी पेडल पाटीला टेकते. ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती असे नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांच्या बाबतीत आम्ही ती सभांमधून सांगत होतो.

कायदाही आम्हांला ठाऊक होता. १९८९ च्या नियमांत टोचनची गती ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावी, दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे, मागच्या गाडीत परवानाधारक असावा आणि मागे ठळक अक्षरांत पाटी असावी, असे स्पष्ट होते. आम्ही पाटी लावली, अंतर मोजले, गतीही पाळली. म्हणजे कागदावरचे सारे पाळले. ब्रेकचे रबर बदलायला एक दिवस लागला असता. तो दिवस तेवढा आमच्याजवळ नव्हता.

कात्रज निभावला. तो निभावला म्हणून खंबाटकीची भीती गेली, आणि खरी चूक येथे झाली. रात्री दहाच्या सुमारास घाटमाथ्यावर थांबून चहा घेतला. ‘सकाळी उतरू,’ असे मागच्या गाडीवरचा आमचा सहकारी म्हणाला. आम्ही म्हटले, ‘सकाळी रहदारी वाढेल, आताच रस्ता मोकळा आहे.’ तो गप्प बसला. तिसऱ्या वळणावर दोर सैल पडून चाकाखाली गेला आणि तुटला. मागची गाडी मोकळी झाली. खालून एक एस.टी. चढत होती. आमच्या सहकाऱ्याने सुकाणू डोंगराच्या अंगाला वळवले आणि गाडी दरडीवर घातली. एस.टी. वाचली, आम्ही वाचलो. त्याचा उजवा पाय मात्र गुडघ्याखाली गेला.

मग आम्ही नुकसानभरपाईच्या मागे लागलो. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आमच्या पाठांतरात होता. परंतु तो मालकाकडून कामगाराला देववत असे, आणि येथे जखमी माणूस आठ हजारांचा भागीदार होता. मालकही तोच, कामगारही तोच. विमा पासिंगनंतर काढायचा होता. डेपोचे म्हणणे बरोबरच होते, कारण अट आम्ही वाचून सही केली होती. सर्वांचे हात स्वच्छ होते. रक्त फक्त एकाच्या कपड्यांवर होते.

त्या वेळी आम्ही सरकारला आणि भांडवलशाहीला दोष देणारे एक पत्रक लिहिले. छापण्यापूर्वी ते इस्पितळात त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘पत्रकातले सगळे खरे आहे. पण सकाळी उतरू असे मी म्हटले होते, ते यात कुठे आहे?’ ते पत्रक आम्ही छापले नाही.

बंधुभगिनींनो, जुना माल स्वस्त असतो तो कशामुळे? त्यातला धोका किमतीतून वजा केलेला असतो म्हणून. पण वजा केलेला धोका नाहीसा होत नाही. विकणारा तो घेणाऱ्याच्या हाती देतो, घेणारा सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या हाती देतो. त्याच्यापुढे कोणी नसते. मालक शेठजी असो की नऊ कामगारांची मंडळी असो, पैसे वाचवायची घाई झाली की दोघांचीही बोली एकच होते. आम्ही संघटनेची माणसे, मालक झाल्यावर एका दिवसात मालकासारखे वागलो. गरिबी हे त्याचे कारण होते. ती सबब होऊ शकत नाही.

पुढे आम्ही तो ट्रक दुरुस्त केला. प्रत्येक हंगामात त्या सहकाऱ्याला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक, असा ठराव झाला. गाडी अकरा हंगाम चालली आणि ठराव अकरा हंगाम पाळला गेला. ही दया नव्हती. ते न भरलेले ट्रेलरचे भाडे होते, आणि ते पुरते फिटले असेही आम्ही म्हणत नाही.

आपल्यापैकी कोणी अशी गाडी घेणार असेल, तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. आता लिलाव संगणकावर होतात आणि घरबसल्या बोली लावता येते. तरीही पाहणीच्या दिवशी मिस्त्री घेऊन स्वतः जा. लष्कराकडून येणारे एकवीस नंबरच्या फॉर्मवरचे विक्रीचे मूळ प्रमाणपत्र जिवापाड जपा. त्यावाचून नोंदणी होत नाही. लष्करी हिरवा रंग आधी बदला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखला आहे. टाकीतला गाळ काढा, टायरच्या बाजू चिरल्या आहेत का पाहा. ओढूनच न्यायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट सोडवा, नाहीतर तेलावाचून गिअरबॉक्स जळेल. घाटात दोर नको. आणि बोली लावण्यापूर्वी ट्रेलरचे भाडे व विम्याचा हप्ता किमतीत धरा. ते धरून गाडी परवडत नसेल, तर ती स्वस्त नाही.

आमच्या वाहतूक कामगारांच्या संघटनेत तेव्हापासून एक नियम आहे. सुकाणूवर बसलेल्या माणसाने ‘आता नको’ म्हटले की गाडी हलत नाही. कारण विचारायचे ते दुसऱ्या दिवशी. या नियमामुळे काही फेऱ्या बुडाल्या, काही गिऱ्हाइके गेली. नियम राहिला.

ते सहकारी आज आमच्या संघटनेचे हिशेब पाहतात. या व्याख्यानात त्यांची हकीकत सांगू का, असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘सांगा. माझे नाव घेऊ नका, पण दोराची किंमत मात्र सांगा.’ ती आम्ही सांगितली आहे. साडेतीनशे रुपये.