एका गिगाबाइटचा संसार

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या केला जातो. संगणकाच्या स्मृतीलाही तो तंतोतंत लागू पडतो.

समजा, बेळगावकडील एखाद्या लहानशा ग्रंथालयाने आपली ग्रंथसूची वाचकांना घरबसल्या पाहता यावी म्हणून आभासी खाजगी सर्व्हर भाड्याने घेतला. हा सर्व्हर म्हणजे मोठ्या चाळीतील एक खोली होय. यंत्र एकच, पण त्याचे भाग पाडून प्रत्येक भाडेकरूला ठराविक स्मृती नेमून दिलेली असते. ग्रंथालयाच्या वाट्याला आली १ गिगाबाइट, म्हणजे १०२४ मेगाबाइट. तिच्यात जावा भाषेवर चालणारा टॉमकॅट हा वेबसर्व्हर बसवावयाचा आहे.

जावा ही भाषा १९९५ साली सन मायक्रोसिस्टम्स ह्या कंपनीने जगापुढे आणली. तिच्या कार्यक्रमांतील वस्तू ‘हीप’ नावाच्या कोठारात साठतात आणि निरुपयोगी झालेल्या वस्तू एक झाडूवाला वेळोवेळी काढून टाकतो. ही युक्ती जावाहून जुनी. जॉन मॅकार्थी ह्यांनी ती १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी योजिली. कोठाराची कमाल मर्यादा आपण सांगितली नाही, तर जावा सामान्यतः एकंदर स्मृतीचा चौथा हिस्सा धरते. येथे तो २५६ मेगाबाइट होतो.

आता वाचक वाढले, कोठार अपुरे पडले आणि ‘स्मृती संपली’ अशी तक्रार जावाने आपल्या नोंदवहीत लिहिली. व्यवस्थापक घाईघाईने ‘एक्सएमएक्स’ ही मर्यादा ९०० वर नेतो. दोन दिवस सारे सुरळीत चालते. तिसऱ्या दिवशी सर्व्हर एकाएकी बंद पडतो आणि जावाच्या नोंदवहीत त्याविषयी अवाक्षरही आढळत नाही!

कारण हा मृत्यू निराळ्या जातीचा आहे. यंत्राचीच स्मृती संपत आली की लिनक्स सर्वांत जास्त जागा अडविणाऱ्या कार्यक्रमाला बहुधा ठार करते. त्याची नोंद लिनक्सच्या दप्तरात सापडते. पहिल्या दुखण्यावर मर्यादा वाढविणे हा कदाचित उपाय ठरेल; दुसऱ्यावर तेच औषध विष होय. म्हणून निदान आधी, औषध मागाहून.

कोठार म्हणजे सारा संसार नव्हे. वर्गांच्या माहितीसाठी मेटास्पेस लागते, भाषांतरित यंत्रसंकेतासाठी वेगळी जागा लागते, आणि प्रत्येक धाग्याच्या स्टॅकसाठी ६४ बिट लिनक्सवर साधारण १ मेगाबाइट राखून ठेवलेला असतो. टॉमकॅट मुळातच २०० धाग्यांपर्यंत जाण्यास मोकळा असतो. लहान ग्रंथालयाला ४० पुष्कळ झाले.

तेव्हा अंदाजपत्रक असे मांडता येईल : लिनक्सला १५०, ग्रंथसूचीच्या डेटाबेसला २००, कोठाराला ३८४, मेटास्पेसला १००, यंत्रसंकेताला ५० आणि धाग्यांना ४०. बेरीज झाली ९२४. उरलेले १०० अडीअडचणीसाठी. हे आकडे केवळ नमुन्याचे. खरे आकडे मोजूनच ठरवावे लागतात. पूर्ण झाडलोट झाल्यानंतर कोठारात किती माल शिल्लक राहतो, हे जावाच्या नोंदींवरून कळते. मर्यादा त्याहून ऐसपैस असावी. परंतु ही शिल्लक दर झाडलोटीनंतर वाढतच राहिली, तर दोष मर्यादेचा नसून कार्यक्रमातील गळतीचा आहे. फुटक्या घागरीऐवजी मोठी फुटकी घागर आणल्याने काय साधणार?

तबकडीवरील ‘स्वॅप’ची जागा थोडी असावी, पण तिच्यावर संसार चालवू नये. झाडूवाल्याला पूर्ण झाडलोटीच्या वेळी जिवंत वस्तू एकूणएक तपासाव्या लागतात. त्या तबकडीवर गेल्या असतील, तर त्या पुन्हा स्मृतीत आणता आणता सर्व्हर जागच्या जागी खिळून राहतो. लहान यंत्रावर झाडूवालाही साधाच बरा. ‘सीरियल’ नावाचा एकमार्गी झाडूवाला जादा जागा फारशी मागत नाही.

एवढे करूनही भागले नाही, तर मोठी खोली खुशाल घ्यावी. मात्र हिशेब मांडल्याशिवाय घेऊ नये. लहान संस्थेच्या दरमहाच्या भाड्यात चार नवी पुस्तके सामावलेली असतात. आणि रात्री सूची उघडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सर्व्हर का पडला ह्याच्याशी कर्तव्य नसते. त्याला पुस्तक हवे असते.