लाज कोणी बाळगायची?



शाळकरी मुलीचा फोटो कुणीतरी उचलतं, त्याचं अश्लील चित्र बनवतं आणि तिला धमकावतं. घरात कळल्यावर आधी तिचा मोबाईल जातो, मग शिक्षण थांबतं, मग स्थळं बघायला सुरुवात होते. 'चार लोकांत बोभाटा नको' म्हणून तक्रार होत नाही. गुन्हेगार मोकळा राहतो आणि शिक्षा मुलगी भोगते.

कायदा याच्या उलट सांगतो. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे, मुलगाही. पीडित बालकाची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही. जबाब घरी घेता येतो. तो घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी. म्हणजे अब्रू जपण्याची सोय कायद्यातच आहे. उलट, असा गुन्हा माहीत असूनही न कळवणाऱ्या प्रौढाला शिक्षा होऊ शकते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार मुलांचं लैंगिक साहित्य बनवणं, पाठवणं, शोधणं, डाउनलोड करणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. नुसतं डाउनलोड करून पाहणं गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द केला. अशा साहित्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नका, असंही सांगितलं. कारण ते मनोरंजन नाही, एका मुलावर झालेल्या अत्याचाराचा पुरावा आहे.

म्हणून 'सगळ्यांना सावध करा' असं लिहूनही असा व्हिडिओ पुढे ढकलू नका. प्रत्येक फॉरवर्डमध्ये त्या मुलाचा पुन्हा छळ होतो. लिंक, खात्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. अशा साहित्याची तक्रार नाव न देताही करता येते. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे.

अब्बांना सांगायला घाबरणारी लहान बहीण किंवा भाऊ कदाचित आधी तुमच्याकडे येईल. तेव्हा 'तू फोटो टाकलासच कशाला?' असं विचारू नका. 'तुझी चूक नाही, मी सोबत येतो,' एवढं म्हणा आणि खरंच सोबत जा. कायदा पुस्तकात तयार आहे. पोलीस ठाण्यापर्यंत तिला एकटीने चालावं लागू नये, हे आपल्या हातात आहे.