उस्तादाला विचारा

आज पदवी हातात घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

ओझरमध्ये वाढलेल्यांना लढाऊ विमानाच्या आवाजाचं अप्रूप नसतं. १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी इथं कारखाना आला, पुढं शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आला. मिग-२१ नंतर मिग-२७, मग सुखोई-३०. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए इथल्याच धावपट्टीवरून उडालं. १९६३ मध्ये दाखल झालेलं मिग-२१ ६२ वर्षं सेवेत राहिलं. त्यावर घाम गाळलेल्या आजोबांची नातवंडं आज या सभागृहात बसली असतील.

मी हवाई दलात एअरमन म्हणून भरती झालो आणि वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. त्यांच्या पलटणीत ज्याला लिहिता-वाचता येई तो बाकीच्यांची पत्रं वाचून दाखवी आणि उत्तरंही लिहून देई. त्यामुळे कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बांधाचं भांडण कोर्टात गेलं, हे सगळ्या बराकीला ठाऊक असे. पगार मनीऑर्डरनं घरी जाई. माझ्या वेळी छावणीच्या फाटकाबाहेर एसटीडी बूथ आला आणि रात्री दर उतरले की तिथं रांग लागायची. आजचा जवान सीमेवरून उतरला की बाळाचा चेहरा मोबाइलवर बघतो. मला त्याचा आनंद वाटतो. पण मोबाइलबरोबर जोखीमही आली. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना फेसबुकसह ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितली. पूर्वी युद्धकाळात पत्रावर सेन्सॉरची नजर असे. आता ती नजर जवानाला स्वतःच ठेवावी लागते, आणि हे जास्त अवघड आहे.

माझ्या पिढीतले पुष्कळ जण म्हणतात, आताची पोरं नाजूक आहेत, फार प्रश्न विचारतात. मला हे मान्य नाही. वडिलांच्या काळी ‘का?’ असं विचारणाऱ्याला शिकवणारा उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. गोळीबारात हुकूम पाळायला ती सवय लागतही असेल. पण विमानाखाली उभ्या असलेल्या फिटरनं ‘हा पाइप इथं का घासतोय?’ असं विचारलंच पाहिजे. त्या प्रश्नावर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो. मिग-२१ च्या अपघातांत आपण किती तरुण वैमानिक गमावले, हे ओझरमध्ये कुणाला सांगायला नको.

परंपरा मोडल्या, असंही ऐकू येतं. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुली मुलांच्या खांद्याला खांदा लावून संचलन करत बाहेर पडल्या. या बदलांनी सैन्याचं काही बिघडलेलं नाही. मुलींच्या बाबतीत तर फार उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘बडा खाना’, म्हणजे अधिकारी-जवानांचं एकत्र जेवण, मात्र टिकला पाहिजे. त्या दिवशी अधिकारी स्वतः जवानाच्या ताटात वाढतात आणि वाढता वाढता घरची चौकशी करतात.

पण मला विचाराल, तर हँगरमधली खरी परंपरा म्हणजे भिंतीवरचा हत्यारांचा बोर्ड. त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू-ड्रायव्हरची आकृती रंगवलेली असते. काम संपलं की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत जातं. एक आकृती रिकामी दिसली, तर विमान जागचं हलत नाही. ते हत्यार इंजिनाच्या तोंडाशी पडलं असेल की कंट्रोल रॉडच्या खाचेत, हे कुणाला माहीत? रात्रीचे दोन वाजोत, सगळ्यांनी गुडघ्यावर बसून शोधायचं. हत्यार सापडलं, मोजणी जुळली, की विमानाच्या देखभालीची नोंद असलेल्या फॉर्म ७०० वर सही करायची. सही करणारा कालचा पोरगा असला, तरी त्या कामाची जबाबदारी त्याची.

हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे, पण पुस्तकातून हातात उतरत नाही. बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या लॉकिंग वायरचंच बघा. ताण बोल्ट आवळण्याच्या दिशेनं पडेल अशी ती ओढायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण पीळ जास्त बसला की तार ठिसूळ होते. नेमकं कुठं थांबायचं, हे बोटांना कळायला पाच-पन्नास तारा तोडाव्या लागतात आणि शेजारी ‘बस, आता थांब’ म्हणणारा कुणीतरी लागतो. आमच्याकडे त्यासाठी वेळ होता. पंधरा-वीस वर्षांची नोकरी होती, उस्तादही तिथंच असायचा.

आता तेवढा वेळ नाही. २०२२ च्या अखेरीस पहिले अग्निवीर प्रशिक्षणाला आले. त्यांची सेवा चार वर्षांची, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम होतात. या भरती योजनेच्या बाजूनं आणि विरोधात बरंच बोललं गेलं, त्यात मी शिरत नाही. माझी काळजी वेगळी आहे. आम्ही दहा वर्षांत हळूहळू जे उचललं, ते या मुलांपर्यंत चार वर्षांत पोचवायचं असेल, तर म्हाताऱ्यांनी मौन सोडलं पाहिजे. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य बंद करून तेव्हा कसं होतं आणि का होतं, ते सांगायला बसलं पाहिजे. वडिलांना मी पुष्कळ काही विचारायचं ठेवलं होतं. ते राहूनच गेलं.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. तुमच्यातले काही कारखान्यात जातील, काही डेपोत, काही सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये, तर काही स्वतः गणवेश चढवतील. चार वर्षं देऊन परतलेला अग्निवीर तुमच्या शेजारच्या बाकावर कामाला आला, तर त्याला ‘परत पाठवलेला’ म्हणू नका. त्याच्याकडून हत्यार मोजायची शिस्त घ्या. आणि ओझर, पिंपळगाव, निफाड या भागात निवृत्त तंत्रज्ञांची कितीतरी घरं आहेत. येत्या महिन्याभरात त्यातल्या एकाच्या दारी जा, वही घेऊन जा आणि हातानं शिकलेलं एक काम त्यांच्याकडून नीट समजावून घ्या.