विश्वास आणि विचारपूस
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



निराधार मुलांना सांभाळणाऱ्या धर्मगुरूंविषयी शंका घेणे आपल्याला पाप वाटते. फादर एडवर्ड फ्लॅनगन या आयरिश कॅथलिक धर्मगुरूंनी १९१७ साली अमेरिकेतील ओमाहा येथे उसन्या ९० डॉलरवर मुलांचे घर उघडले. पुढे तेच ‘बॉइज टाउन’ झाले. १९४६ साली मायदेशी आल्यावर त्यांनी तेथील सुधारगृहे व औद्योगिक शाळांतील कठोर शिक्षांवर जाहीर टीका केली. यांपैकी बहुतेक शाळा धर्मसंघांच्याच हाती होत्या. न्यायमंत्र्यांनी संसदेत ती टीका झिडकारली. पुढे २००९ साली चौकशी आयोगाच्या अहवालाने अशा संस्थांतील मारहाण आणि मुलग्यांवरील लैंगिक अत्याचार उघड केले. मध्ये ६३ वर्षे गेली! आणि आवाज उठविणारा स्वतः धर्मगुरूच होता, हे विशेष.

आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा अत्याचार समजूनही न कळविणे हाच गुन्हा आहे. परंतु कायद्याची वेळ येण्यापूर्वीच देणगीदारांनी आश्रमात, वसतिगृहात अधूनमधून पूर्वसूचनेशिवाय जावे. गृहपती समोर नसताना मुलांशी बोलावे. ज्यांचा कारभार निर्मळ आहे, ते याचा राग मानणार नाहीत. मानलाच, तर पुन्हा जावे.