वळीव की मृगाचा पाऊस?

भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या आयाबायांना आणि लेकीसुनांना माझा रामराम.

आज मी फुटबॉलबद्दल बोलणार आहे. "हे काय मधेच?" म्हणून रेडिओ बंद करू नका. खेळाचे नियम आले नाहीत तरी चालेल. अकरा जणांचा संघ असतो आणि समोरच्याच्या जाळ्यात जो जास्त वेळा चेंडू घालतो तो जिंकतो, एवढं पुरे. मला बोलायचंय ते हा खेळ बघणाऱ्या माणसांना पडणाऱ्या एका प्रश्नाबद्दल, कारण तोच प्रश्न आपल्याला घरात पडतो, शेतात पडतो आणि बचत गटाच्या बैठकीतही पडतो.

प्रश्न असा : बरेच दिवस वाईट गेले आणि मग एक दिवस चांगला आला. तर आता आपले दिवस पालटले असं धरायचं का?

शेतकऱ्याच्या घरी हा प्रश्न दर वर्षी येतो. मे महिन्यात वळीव कोसळतो, मातीचा वास सुटतो, जिवाला गार वाटतं. पण त्या पावसावर कुणी पेरत नाही. जूनमध्ये पहिली सर आली तरी कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. जो घाई करतो त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते. पाऊस पडला हे खरं असतं, पण तो टिकणार की नाही हे त्या एका सरीवरून कळत नाही.

आता कोलकात्याला जाऊ. तिथे ईस्ट बंगाल नावाचा फुटबॉल क्लब आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी तो स्थापन झाला, म्हणजे शंभरी ओलांडलेला क्लब. नावाप्रमाणे तो पूर्व बंगालातून आलेल्या लोकांचा. फाळणी झाली तेव्हा घरदार, शेत, नदी सगळं मागे टाकून लाखो माणसं कोलकात्यात आली. वसाहतींमध्ये दाटीवाटीनं राहिली. नव्या शहरात त्यांना "बाहेरचे" म्हणत. अशा माणसांना आपलं म्हणायला जे थोडं होतं, त्यात हा लाल-सोनेरी जर्सीचा क्लब होता. क्लबची खूण आहे मशाल. शहरातला दुसरा मोठा क्लब मोहन बागान, तो जुन्या कोलकातेकरांचा मानला जातो. मोहन बागान जिंकला की कोळंबी शिजते आणि ईस्ट बंगाल जिंकला की इलिश, म्हणजे हिलसा मासा. स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला खेळ आहे हा.

या क्लबचे सोन्याचे दिवस होते. २००३ साली जकार्तामध्ये आशियाई देशांतल्या क्लबांना हरवून त्यांनी आसियान कप जिंकला. २००३-०४ च्या हंगामात ते राष्ट्रीय लीगचे विजेते होते. २०१२ साली गोव्याच्या धेंपो क्लबला हरवून त्यांनी फेडरेशन कप घेतला. आणि नंतर ओढाताण सुरू झाली. क्लब चालवायला पैसा लागतो. २०१८ ते २०२२ या चार वर्षांत तीन वेगवेगळे गुंतवणूकदार आले. २०२१ साली तर कराराच्या भांडणावरून चाहते रस्त्यावर उतरले. पैसा कोण देणार हेच ठरत नसेल, तर संघ वेळेवर बांधणार कोण? खेळाडू उशिरा घेतले जात आणि प्रशिक्षक हंगामाच्या तोंडावर येई. २०२० मध्ये हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये आला. पहिल्या पाच हंगामांत त्याचा नंबर लागला तो असा : नववा, अकरावा, नववा, नववा, नववा. अकरावा म्हणजे त्या वर्षी सगळ्यांत शेवटचा.

त्या शेवटच्या नंबरच्या वर्षातली गोष्ट ऐका. २०२१-२२ चा हंगाम. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात होते. पहिल्या अकरा सामन्यांत ईस्ट बंगालला एकही विजय नाही. मधेच प्रशिक्षक बदलला. नवे प्रशिक्षक मारियो रिवेरा यांच्या पहिल्याच सामन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, संघानं एफसी गोवाला २-१ नं हरवलं. नाओरेम महेश सिंह या मणिपुरी पोरानं दोन्ही गोल केले. चाहत्यांना वाटलं, आता गाडी रुळावर आली. नवा माणूस आला आणि पहिल्याच दिवशी जिंकला, आणखी काय हवं? पुढच्याच सामन्यात हैदराबादनं त्यांना ४-० नं हरवलं. आणि २० सामन्यांच्या त्या हंगामात तो गोव्यावरचा विजय एकुलता एक राहिला. तो वळीव होता.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. जानेवारी २०२४, भुवनेश्वर, सुपर कप. स्पॅनिश प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात यांच्या हाताखाली ईस्ट बंगालनं लागोपाठ पाच सामने जिंकले. त्यात मोहन बागानवरचा ३-१ असा विजयही होता. अंतिम सामना ओडिशाशी, तोही त्यांच्याच घरच्या मैदानावर. ईस्ट बंगाल २-१ नं पुढे होता आणि सामना संपता संपता ओडिशानं बरोबरी केली. जादा वेळ खेळावा लागला. १११ व्या मिनिटाला ब्राझीलच्या क्लेटन सिल्वानं गोल केला आणि ३-२ नं कप हातात आला. २०१२ नंतर पहिला राष्ट्रीय कप. बारा वर्षांनी! शाळेत जाणाऱ्या पोरांनी आपल्या क्लबला असं काही जिंकताना पाहिलंच नव्हतं.

मग वाद सुरू झाला. एका बाजूचं म्हणणं : पाचच्या पाच सामने कुणी नशिबानं जिंकत नाही, शेवटच्या क्षणी बरोबरी होऊनही संघ खचला नाही, म्हणजे मनं बदललीत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं : सुपर कप म्हणजे तीन आठवड्यांचा खेळ, लीगच्या तक्त्यात आपण अजून खालीच आहोत, तिथे वर चढा आणि मग बोला. दोन्ही बाजू क्लबवर जीव टाकणाऱ्याच. ज्याला पुन्हा पुन्हा आशा लावून निराश केलंय, तो विजयालाही घाबरतो. आपल्याकडे दारू सोडली म्हणणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला विचारा. पहिल्या कोरड्या आठवड्याचा तिला आनंद होतो आणि धाकधूकही होते. ती पैशाचा डबा लगेच उघड्यावर ठेवत नाही.

पुढे काय झालं? क्लबनं नव्या हंगामासाठी मोठे खेळाडू घेतले. आदल्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा दिमित्रिओस दियामांताकोस घेतला. गोलसाठी सर्वाधिक पास देणारा मदिह तलाल घेतला. कागदावर संघ भारी दिसत होता. लीग सुरू झाली आणि ईस्ट बंगाल पहिले सहा सामने लागोपाठ हरला. तीन हरल्यावर कुआद्रात यांनी पद सोडलं. कप जिंकून आठ महिनेच झाले होते. त्यानंतर नवे प्रशिक्षक ऑस्कर ब्रुझोन यांनी भूतानमध्ये थिंफूला आशियाई स्पर्धेत गटात पहिला नंबर मिळवून दिला आणि पुन्हा तोच वाद, आता तरी पालटलं का? हंगाम संपला तेव्हा लीगमध्ये नंबर होता नववा.

यातून मला जे दिसतं ते सांगते. कप आणि लीग या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. कप म्हणजे जत्रेतली कुस्ती. त्या दिवशी अंगात बळ असलं, डाव लागला, की नारळ तुमचा. लीग म्हणजे महिन्याची बचत. पाऊस असो, लग्नसराई असो, पोराचं आजारपण असो, तारीख आली की पैसे टाकायचे. कप जिंकणारा संघ लबाड नसतो, तो त्या दिवशी खरोखरच चांगला असतो. पण रोजचं वळण बदललंय का, ते लीगच सांगते.

आता तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल फारसा वाद कुणी घातला नाही. याच क्लबचा एक महिलांचा संघ आहे. २०२३-२४ च्या भारतीय महिला लीगमध्ये तो तळाच्या संघांत होता. पुढच्या हंगामासाठी अँथनी अँड्र्यूज प्रशिक्षक म्हणून आले. केरळच्या गोकुलम संघाला त्यांनी आधी दोनदा हीच लीग जिंकून दिली होती, म्हणजे ही वाट त्यांच्या पायाखालची. चांगल्या खेळाडू आल्या. आणि एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याजवळच्या कल्याणीच्या मैदानावर त्यांनी ओडिशाला १-० नं हरवून विजेतेपद पक्कं केलं. तो एक गोल होता सौम्या गुगुलोतचा. ही मुलगी तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या तांड्यावरची, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारची. २००४ नंतर २१ वर्षांनी ईस्ट बंगालच्या घरात राष्ट्रीय लीगचं विजेतेपद आलं, आणि ते पोरींनी आणलं. लाखो डोळे पुरुषांच्या संघावर लागलेले असताना पालट घडला तो दुसऱ्याच मैदानावर.

यालाही मी लगेच मृगाचा पाऊस म्हणणार नाही. एका वर्षाची लीग ही पाच सामन्यांच्या कपापेक्षा मोठी खूण आहे, एवढंच म्हणेन. कारण तिथे महिनोन्‌महिने जिंकत राहावं लागलं.

मैत्रिणींनो, आता आपल्या गटाकडे या. एखादा गट दोन वर्षं रडतखडत चाललेला असतो. बैठकीला निम्म्या बाया येतात, कर्जाचे हप्ते थकतात. अशात दिवाळीच्या फराळाची एक मोठी ऑर्डर मिळते. सगळ्या झटून काम करतात, चार पैसे हाती येतात. लगेच कुणीतरी म्हणतं, "आता मागे बघायचं नाही, मोठं कर्ज काढू, मोठं मशीन आणू." असं झालेलं मी कामाच्या निमित्तानं पाहिलंय. दिवाळी संपते, ऑर्डर संपते, मशीन पोत्याखाली झाकून पडतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो. ईस्ट बंगालनं मोठे खेळाडू घेतले आणि सहा सामने हरला, ते आणि हे वेगळं नाही. मोठा खेळाडू वाईट नसतो, मशीनही वाईट नसतं. खालचं वळण बसायच्या आधी वरचा भार टाकला, की गाडा कलतो.

म्हणून आनंदच करायचा नाही का? जरूर करायचा. विजयाच्या दिवशी कोलकात्याच्या घरात इलिश शिजायलाच हवा आणि गटाला नफा झाला तर बैठकीत पेढा वाटायलाच हवा. आशेशिवाय माणूस पुढच्या सामन्याला जात नाही आणि बाई पुढच्या बैठकीला येत नाही. हिशेब वेगळा ठेवायचा, एवढंच. पेढा आज वाटायचा आणि पेरणी खोल ओल झाल्यावर करायची.

ओल किती झाली हे कसं ओळखायचं? तुमच्या पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न मांडा.

पहिला : हे यश एका बाईच्या जोरावर आलं की सगळ्यांच्या? क्लेटन सिल्वासारखा खेळाडू आज असतो, उद्या नसतो. ती एक ताई माहेरी गेली, बाळंतपणाला गेली, तर काम चालेल का?

दुसरा : आपली पंचसूत्री पाळली जातेय का? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. ऑर्डरचे महिने सोडून साध्या, कोरड्या महिन्यांचं दप्तर उघडा. तोच आपल्या लीगचा तक्ता.

तिसरा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा : या यशानंतर पहिला धक्का बसला तेव्हा आपण काय केलं? ऑर्डर रद्द झाली, माल परत आला, एकीचा हप्ता चुकला. तेव्हा एकमेकींवर खापर फोडलं, अध्यक्ष बदलली, की बसून मार्ग काढला? सुधारलेला गटही कधीमधी हरतो, पण हरल्यावर लगेच मोडत नाही.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं सलग सहा महिने चांगली आली, तर कर्जाचा अर्ज भरा, मी स्वतः तुमच्याबरोबर बँकेत येईन. नाही आली, तर नाराज होऊ नका. बियाणं घरात सांभाळून ठेवा. ढग येतायत, आपली बचत चालू राहू द्या.