सातचा भोंगा

छत्रपति संभाजीनगराहून पैठणकडे जातांना चितेगांव लागतें. व्हिडिओकॉन कंपनीच्या कारखान्यामुळें या गांवाचें नांव दूरवर पोंचलें. येथें तयार झालेले दूरचित्रवाणीचे संच देशभरच्या घरांत जाऊन बसले. 2018 सालीं ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं आली. तथापि त्या पेटीचा एक गुण आज आठवण्यासारखा आहे. ती बहुधा घरांत एकच असे. आजोबा, सून, नातवंडें, सारीं तिच्यापुढें एकत्र बसत. मूल काय पाहतें, हें वडिलांस विचारावें लागत नसे. तेहि तेथेंच बसलेले असत.

आजचें यंत्र तळहातावर मावतें, आणि तें ज्याचें त्याचें वेगळें असतें. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालें. 2020 च्या साथींत शाळाच मोबाइलवर भरूं लागली. ज्या वस्तूला हात लावूं नको म्हणून मुलास बजावलें जाई, तीच पालकांनीं पदरमोड करून त्याच्या हातीं दिली. पुढें शाळा उघडल्या. यंत्र मात्र परत मागतां आलें नाहीं.

यांत मुलाचा दोष किती? पुस्तकाचें पान संपतें, नाटकावर पडदा पडतो. रीलांची रांग मात्र संपत नाहीं. ती तशीच रचलेली आहे. समाजमाध्यमें चालविणाऱ्या कंपन्यांचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचें. डोळे जितका वेळ पडद्यावर, तितका त्यांचा लाभ. 2009 सालीं फेसबुकनें ‘लाइक’चें बटण आणलें. फोटो टाकला कीं कधीं पन्नास पसंत्या येतात, कधीं तीनच. नेम नसतो, म्हणूनच हात पुनःपुन्हा खिशाकडे जातो. पंधराव्या वर्षीं लोक आपणांस काय म्हणतात हीच मोठी काळजी असते. त्या काळजीचे येथें आंकडे मांडले जातात, आणि ते साऱ्या वर्गास दिसतात.

याच यंत्रावर खेड्यांतली मुलगी स्पर्धापरीक्षेचीं व्याख्यानें ऐकते, हेंहि विसरतां येत नाहीं. तेव्हां त्यास सरसकट शिव्या देणें न्यायाचें नाहीं. मग उपाय कोणता?

2022 सालीं महाराष्ट्रांतल्या दोन गांवांनीं दोन वाटा धरल्या. यवतमाळ जिल्ह्यांतील बांसी येथील ग्रामसभेनें नोव्हेंबरांत अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदी ठरविली. त्यापूर्वींच, ऑगस्टांत, सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें निराळाच प्रयोग सुरू झाला होता. सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजे आणि घरोघरीं दूरचित्रवाणी व मोबाइल बंद होत. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक यांनीं घरोघर फिरून लोकांस हें पटविलें.

या दोन वाटांतला भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. पहिल्या नियमानें मुलांस बांधलें, दुसऱ्यानें आईबापांनाहि. ‘ठेव तो मोबाइल’ असें सांगणाऱ्या वडिलांची मान जर स्वतःच्या मोबाइलवरून उठत नसेल, तर त्या आज्ञेचें वजन तें काय? ऑस्ट्रेलियानें 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास कायद्यानें मनाई केली. कायदा खातें बंद करील. पण मुलाशेजारीं येऊन तो बसणार नाहीं.

आणि शेजारीं बसण्याचीच खरी निकड आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांत एखाद्यास कोणी हिणवलें, त्याचा फोटो विद्रूप करून फिरविला, तर पूर्वीच्या टवाळीप्रमाणें ती गोष्ट शाळेच्या फाटकाबाहेर राहत नाहीं. ती उशाशीं येऊन झोपते. रात्रीं जेवतांना तो मुलगा सांगावें म्हणून तोंड उघडतो. समोर तीन माणसें, तीन उजळलेले पडदे. तो घांस गिळतो आणि उठून जातो. घरांत कोणी वाईट नसतें. ऐकायला मात्र कोणी नसतें.

वडगांवच्या दीड तासाचें मोल येथें कळतें. पुस्तक उघडलें जावो वा न जावो, त्या वेळांत मुलाला आईबापांचा चेहरा दिसतो.

चितेगांवासारख्या कारखानदारीच्या गांवांस भोंगा नवा नाहीं. कामाच्या पाळीला माणूस मिनिटाचा उशीर करीत नाहीं. घराच्या पाळीसहि त्यानें तशीच वेळ पाळावी, आणि तिचा आरंभ घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं करावा. मोबाइल आधीं त्यांनीं फडताळांत ठेवावा. मुलाकडे मागावा तो त्यानंतर.