कात्रजचा नळ आणि रोमची गादी

श्रोतेहो, कात्रजच्या तळ्याकाठी तुम्ही कधी ना कधी गेला असालच. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तिथले पाणी जमिनीखालच्या नळाने थेट पुण्यात आणले. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून त्या नळावर जागोजाग उच्छ्वास ठेवले. असेच नळ दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरालाही होते. पण आज मला पाण्यापेक्षा गादीविषयी बोलायचे आहे.

रोमच्या बादशहाच्या रक्षणाला एक खास गारद असे. इ.स. 193 मध्ये या गारद्यांनीच पर्टिनॅक्स बादशहाला ठार केले आणि गादी चक्क लिलावात काढली. ज्याने ती घेतली, त्याचाही सुमारे दोन महिन्यांतच जीव गेला. पुढे 235 ते 284 या पन्नास वर्षांत वीसांहून अधिक बादशहा झाले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. 260 मध्ये तर खुद्द बादशहा व्हॅलेरियन इराणच्या शहाचा कैदी झाला. साम्राज्याचे तीन तुकडे पडले. ज्याच्या हाती फौज, त्याला वाटे, आपणच का नको?

आता आपल्या शनिवारवाड्यात या. 30 ऑगस्ट 1773. गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी आत घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावाला त्यांनी काकाच्या, राघोबादादाच्या, देखत कापून काढले. ‘ध’चा ‘मा’ झाला ही गोष्ट तुम्ही लहानपणीच ऐकली असेल. रामशास्त्री प्रभुण्यांनी दादांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. रोमचेच चित्र नव्हे का हे?

पण इथे फरक पडला. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके अशी मंडळी एकत्र आली. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनी पुरंदरावर नेले. 18 एप्रिल 1774 रोजी मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवा केले. बारभाईंची खेती अन् काय लागेल हाती, असे आपण हसून म्हणतो. पण ध्यानात घ्या, त्या बारांपैकी एकानेही स्वतः गादीवर बसायचे मनात आणले नाही. त्रिंबकराव तर दादांशी लढताना कामी आले.

म्हणून सगळे गोड झाले असे नव्हे. दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. 1775च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. ते युद्ध 1782 मध्ये सालबाईच्या तहाने मिटले. नाना आणि बापू यांचेही बिनसले; बापूंचा शेवट कैदेत झाला. कारभार हळूहळू एकट्या नानांच्या हाती आला. ते 1800 मध्ये वारले, आणि 1818 मध्ये राज्य गेले.

रोमची घडी डायोक्लेशनने 284 नंतर पुन्हा बसवली, पण कायमची नव्हे. 537 मध्ये गॉथांनी वेढा घालून शहराचे नळ तोडले.

श्रोतेहो, तळे भरलेले असले म्हणून हौदात पाणी येते असे नाही. मधल्या प्रत्येक उच्छ्वासात कुणीतरी उतरून गाळ काढावा लागतो, आणि ते काम एकट्याचे नव्हे. राज्याचेही तसेच आहे. पुन्हा कात्रजला जाल, तेव्हा तळे पाहून झाल्यावर त्या नळाचीही आठवण ठेवा.